रक्त पातळ करायची गोळी
ओल्या हळदीचा वास आला की मला तो उसाचा फड आठवतो. धाकट्या भावाच्या हृदयात औषध लावलेली स्प्रिंग बसवली होती आणि रक्त पातळ ठेवायची गोळी रोज होती. तोडणीत त्याच्या बोटाला कोयता लागला. हळद दाबली तरी रक्त थांबेना. मी चिडलो, “सोड बे ती गोळी! हातात कोयता असताना रक्त पातळ कावून करायचं?” “दादा, सोडू नगं म्हणलाय डागदर.” “डागदर येतो का ऊस तोडायला?” तो हसला आणि त्यानं गोळी सोडली. आठवडाभरात मोळी उचलताना कोसळला, तो उठलाच नाही. स्प्रिंगच खराब होती, असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो. भावजय अजून डॉक्टरलाच शिव्या देते. स्प्रिंगमध्ये रक्त गोठलं ते माझं ऐकून, हे आज तिला सांगायचंय; पण चपला घालून मी मघापासून ओट्यावरच बसलोय.