ओळीत साल बांधणाऱ्या सुधाकाकू

सुधाकाकूंची आणि माझी ओळख अमेरिकेतल्या शुगर लँड गावी एका बारशात झाली. पाळण्याशेजारी बसून त्यांनी फारसीतली एक ओळ वाचली. फारसीत प्रत्येक अक्षराला एक ठरलेला अंक असतो. अक्षरं नेमकी निवडली की ओळीला अर्थही येतो आणि अंकांच्या बेरजेतून सालही निघतं. त्यांनी सांगितले तसे आकडे मी मांडले. बाळाचं जन्मसाल आलं. बाळाचे वडील म्हणाले, "काकू, आता माझा टॅक्सही तुम्हीच करा."

घटना घडल्याशिवाय तिचं साल बांधायचं नाही, हा काकूंचा नियम. इथल्या मराठी मंडळाच्या नव्या हॉलसाठी मी ओळ आधीच मागितली होती, कारण मी काढत असलेला मंडळाचा वार्षिक अंक छपाईला जायचा होता.

"हॉल उघडू दे."

"काकू, डेट फिक्स आहे. केटररला अ‍ॅडव्हान्स दिलाय."

"केटरर जेवण देईल. साल नाही देणार."

वादळ आलं, उद्घाटन पुढच्या वर्षावर गेलं. आम्ही आधीच कोरून घेतलेल्या पाटीवरचं साल चुकलं. उद्घाटनानंतर बांधलेली काकूंची ओळ चुकली नाही.

माझी आई गेली तेव्हा व्हिसामुळे मला जाता आलं नाही. काकू डबा घेऊन येत आणि माझ्याजवळ बसून राहत. ते बसणं कुठून येतं, हे मला नंतर कळलं. ज्या मौलवीसाहेबांकडे त्या औरंगाबादला ही कला शिकल्या, ते आता फार थकले आहेत. काकूंच्या ग्रीन कार्डाचे कागद अडकले होते, आणि ते सुटेपर्यंत देश सोडता येत नव्हता. दर रविवारी त्या फोन कार्डाचे आकडे दाबून त्यांना फोन करत.

"बेटी, माझ्या जाण्याचं साल तूच बांधायचंस. करून ठेव, मी तपासून देतो," ते चिडवत.

"घडल्याशिवाय नाही, हे तुम्हीच शिकवलंत साहेब."



यंदा ग्रीन कार्ड आलं. औरंगाबादला जायचं डिसेंबरचं तिकीट काढलं आहे. मंडळाच्या या अंकासाठी मी त्यांच्या आणि मौलवीसाहेबांच्या भेटीची ओळ मागितली. एका बैठकीत ओळ पुरी करणाऱ्या काकूंनी ती अर्धीच ठेवली आहे. म्हणाल्या, "ते समोर दिसले, की मग."

पंचाहत्तरीच्या काकूंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आणि डिसेंबरात त्या पोचतील तेव्हा दार उघडायला मौलवीसाहेब स्वतः येवोत.