शंभर टक्के निकालाच्या बाई

मुदस्सरला नुरजहाँबाईंवर दोन पानं हवी आहेत. सव्वीस जानेवारीला बाईंचा सत्कार, त्याची स्मरणिका निघणार, आणि त्यात एखादी माजी विद्यार्थिनी हवीच. मुदस्सर माझ्या वर्गातला, आता त्याचे चार ट्रक आहेत. परवा दुकानात उभा राहून सांगून गेला, "कडू काही नको, शगुफ्ता. आठवणी लिही." घे बाबा, आठवणीच लिहिते. छापायचं की नाही ते तू ठरव.

महाडच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मी दहावी नापास आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला शोध लावल्याचं समाधान नको.

बाईंचं मोठेपणही आधीच सांगते. त्यांच्या वेळी मुलींना बीजगणित-भूमिती सोडून नुसतं अंकगणित घ्यायची मुभा होती आणि सगळ्या मुली ती घेत. बाईंनी घेतली नाही. वर्गभर मुलगे आणि मागच्या बाकावर या एकट्या. पुढे बीएस्सी, बीएड करून पंचाहत्तर साली त्या आमच्या शाळेत लागल्या. तेव्हा पुस्तकांत नवं गणित आलेलं, संच वगैरे. जुन्या गुरुजींना पावकी-निमकी तोंडपाठ, पण संच म्हटलं की ते खिडकीबाहेर बघायचे. म्हणून दहावीचं गणित बाईंकडे आलं. महाड-पोलादपूरकडे दहावीला गणित शिकवणारी बाई तेव्हा दुसरी नव्हती, आणि ही तर आमच्या मोहल्ल्यातली. आमच्या अम्मीला त्याचा कोण अभिमान!

पहिल्याच वर्षी तीस जणांतले चौदा गणितात गेले. शाळेच्या चेअरमननी भर सभेत सांगितलं, "बाईच्या हातात गणित दिलं की असंच होणार." सगळे हसले म्हणे. आदल्या वर्षी गुरुजींच्या हाताखाली सोळा गेले होते, तेव्हा कुणी हसलं नव्हतं. बाई त्या दिवशी रडल्या नाहीत. त्यांनी उपाय शोधला. तो त्यांनी शिकवण्यात शोधला असता तर आज मीही सत्काराला हार घेऊन आले असते.

उपाय सोपा होता. जी मुलं दहावीत गणितात पडतील असं वाटे, त्यांना नववीतच नापास करायचं. मग पालकांना गाठून सांगायचं, वर्ष वाया कशाला घालवता, शाळेचा दाखला काढा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. तो फॉर्म भरला की बाहेरून थेट दहावीला बसता येतं. तिथे नापास झालं तर ते शाळेच्या निकालात धरत नाहीत. सुंठीवाचून खोकला गेला! आकडा हळूहळू चढत गेला आणि सत्त्याऐंशी सालापासून शाळेचा गणिताचा निकाल शंभर टक्के.

आता ही 'मुलं' म्हणजे कोण? मुलाचा दाखला काढायला सांगितलं की त्याचा बाप शाळेच्या दारात येऊन उभा राहतो. मुलीचा काढायला सांगितलं की आई सरबत करते. बाई हुशार होत्या. चेअरमनना त्या कधी एक शब्द उलटून बोलल्या नाहीत, आणि वड्याचं तेल वांग्यावर काढलं ते आमच्यावर.

नव्वदच्या एप्रिलमध्ये मी नववीत गणितात गेले आणि बाई आमच्या घरी आल्या. अम्मीने खरंच कोकम सरबत केलं. मी ढ होते, त्यात वाद नाही. मला गणित येत नव्हतं. पण येत नाही म्हणूनच शाळेत जातात ना? येत असतं तर घरी नसते का बसले? हे तेव्हा सुचलं नाही. बाई अम्मीला म्हणाल्या, "पोरीला घरी बसून निवांत अभ्यास करू दे. दर रविवारी मी येईन शिकवायला."

त्या गेल्यावर मी अम्मीला म्हटलं, "मला शाळेतच बसायचंय."

"बाई सोताहून घरी आल्यात, त्यांना नाय कसं म्हणायचं गो?" अम्मी म्हणाली. "आपल्यातल्याच हायेत. त्या काय तुझं वायट करतील?"

रविवारी बाई आल्या नाहीत. पुढच्याही नाहीत. मी वही, कंपास घेऊन ओटीवर बसायचे. सातव्या रविवारी अम्मीनेच वही उचलून आत ठेवली आणि मला मासे साफ करायला बसवलं.

अब्बा कुवेतला होते. दहावी झाली की मला बालवाडीच्या कोर्सला घालीन, असं त्यांचं पत्र आलेलं. मग ऑगस्टमध्ये तिकडे युद्ध पेटलं आणि अब्बा अंगावरच्या कपड्यानिशी घरी आले. मार्चमध्ये मी परीक्षा दिली. बाकी सगळ्या विषयांत पास, गणितात नापास. पुन्हा बसवायची अब्बांच्यात ताकद नव्हती. अठरा पूर्ण व्हायच्या आत शोएबशी माझं लग्न झालं. माणूस चांगला आहे, ट्रक चालवतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार बाईंबद्दल आहे. माझा निकाल लागला त्याच आठवड्यात शंभर टक्क्यांबद्दल त्यांना शाल आणि नारळ मिळाला, आणि त्या कार्यक्रमाला अम्मी जाऊन आली.

दुकान टाकलं तेव्हा मला कळलं की मी एकटी नाही. सतरा नंबरच्या फॉर्मला दाखल्याची झेरॉक्स लागते, आणि झेरॉक्सला सगळे माझ्याकडेच येतात. दर वर्षी आमच्या शाळेच्या दोन-तीन मुली यायच्या. कुणी उमरठची, कुणी वरंधची, कुणी आमच्याच गल्लीतली. दाखल्यावर शाळा सोडल्याचं कारण एकच, 'पालकांच्या विनंतीवरून'. मशीन गरम झालं की पहिली प्रत काळी निघते, वाचता येते पण गिऱ्हाइकाला देता येत नाही. त्या काळ्या प्रती मी फेकल्या नाहीत. दहा वर्षांत अठ्ठावीस साठल्या. त्यात मुलगे दोन.

दोन हजार आठच्या एप्रिलमध्ये बाई पुन्हा आमच्या घरी आल्या. या वेळी माझी उझ्मा नववीत होती आणि गणितात दोन मार्कांनी गेली होती. बाईंच्या निवृत्तीला एकच वर्ष उरलेलं. मी सरबत केलं नाही. बाईंनी तेच सुरू केलं, दाखला, सतरा नंबर, घरी निवांत अभ्यास. रविवारी येईन, असंही म्हणाल्या. वाक्यसुद्धा बदललं नव्हतं हो!

मी म्हटलं, "बाई, दाखल्याच्या अर्जावर पालकाची सही लागते. ती मिळायची नाही."

"शगुफ्ता, दहावीत ती नापास होईल. तिचंच नुकसान आहे."

"होऊ दे. शाळेत बसून नापास होईल. दोन मार्क ग्रेस देऊन तिला वर घ्या. नाहीतर अठ्ठावीस दाखल्यांच्या झेरॉक्स घेऊन मी अलिबागला शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते."

बाई पर्स उचलून गेल्या. उझ्मा दहावीत गेली.

ते वर्ष माझ्या पोरीने कसं काढलं ते तिलाच ठाऊक. वर्गात बाई तिला कधीही फळ्यापाशी बोलवत नसत. ती हात वर करायची, बाई पुढच्या मुलाला विचारायच्या. मे अखेर बाई निवृत्त झाल्या. जूनमध्ये निकाल लागला आणि उझ्मा गणितात नापास झाली. बावीस वर्षांचे शंभर टक्के मोडले. सत्काराचा बॅनर रंगवून तयार होता, तो गुंडाळून ठेवावा लागला. गावात मला काय काय ऐकावं लागलं! मुदस्सर, तूच म्हणालास ना, "एका पोरीच्या हट्टापायी बाईंच्या तोंडाला काळं फासलंस." उझ्मा आठवडाभर जेवली नाही. मला म्हणाली, "अम्मी, सही केली असतीस तर बरं झालं असतं." ते मात्र मला लागलं. मी पोरीसाठी भांडले की माझ्यासाठी, हे रात्रंदिवस डोक्यात घोळत राहिलं.

जुलैत मी उझ्माचा हात धरला आणि बाईंच्या घरी गेले. बाई एकट्याच राहतात. दार उघडून तशाच उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "बाई, तुमचा निकाल लागून गेला. आता राखायला काही उरलं नाही. ऑक्टोबरला हिची परीक्षा आहे. आता शिकवा."

मला वाटलं, दार लावतील. त्या बाजूला झाल्या. उझ्माने पुस्तक उघडलं. बाईंनी समीकरण मांडलं, तीन इकडून तिकडे नेले, चिन्ह बदललं आणि उत्तर काढलं.

उझ्मा घाबरत घाबरत म्हणाली, "बाई, पलीकडे गेलं की चिन्ह का बदलतं?"

"बदलतं. नियमच आहे तो."

"पण का?"

बाई पेन टेबलावर ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "येणाऱ्यांनाच शिकवलं गो मी. न येणाऱ्याला कसं शिकवायचं ते मला येत नाय."

चौतीस वर्षं नोकरी करून ही बाई हे म्हणाली! मी म्हटलं, "मग शिका. ही बसलीय ना समोर."

तीन दिवसांनी बाईंनीच निरोप पाठवला. आम्ही गेलो तर टेबलावर चिंचोके. मधोमध पट्टी. एका बाजूला एक पालथी घातलेली वाटी आणि तीन चिंचोके, दुसऱ्या बाजूला आठ. बाई म्हणाल्या, "दोन्हीकडे सारखं आहे. वाटीखाली किती, ते न उघडता सांग." उझ्माने इकडचे तीन उचलले, थोडा विचार केला आणि तिकडचेही तीन उचलले. मग एकदम मान वर करून म्हणाली, "पाच! म्हणजे पलीकडे काही जातच नाही. दोन्हीकडून काढतो आपण."

मी दाराशी बसले होते. मलाही कळलं. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तीन चिंचोक्यांत. आनंद व्हायला हवा होता. मला इतका संताप आला की मी उठून अंगणात गेले.

परीक्षेपर्यंत बाईंनी एक दिवस खाडा केला नाही. उझ्मा पास झाली. आभार मानायला नव्हे, पण रीत म्हणून पेढे घेऊन मी बाईंकडे गेले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पेढा हातात घेऊन म्हणाल्या, "बघ शगुफ्ता, जमलं की नाही?"

"जमलं ना," मी म्हटलं. "अडीच महिन्यांत जमलं. म्हणजे माझंही जमलं असतं."

बाईंनी पेढा तोंडात घातला नाही. तसाच हातात धरून बसल्या. मीही त्यांना खा म्हटलं नाही.