समजाताईच्या तीन खोल्या

आईवडिलांनी तिचं नाव मोठ्या हौसेने ठेवलं होतं, पण ते आता ओळखपत्रापुरतं उरलं होतं. घरात, गल्लीत, ऑफिसात सगळे तिला समजाताई म्हणत. कारण कुणीही कसलाही बेत मांडला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "ते सगळं ठीक आहे, पण समजा..." समजा गाडी चुकली तर? समजा किल्ली आतच राहिली तर? समजा ज्याच्या भरवशावर निघालोय तोच आजारी पडला तर? आई वैतागून म्हणे, "शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली! पोटची पोर आहेस म्हणून ऐकून घेते."

लग्न तिने केलं नाही. धाकटा भाऊ सांगत सुटे, "एक स्थळ चांगलं होतं हो, पण हिने पहिल्याच भेटीत विचारलं, समजा आपलं पटलं नाही तर?" हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की वडील लवकर गेले आणि घर तिने ओढलं. ज्याच्या खांद्यावर घर असतं, त्याला 'पुढचं पुढे बघू' म्हणायची चैन परवडत नाही. ज्यांचे खांदे मोकळे असतात त्यांना हे कळत नाही, आणि तेच सर्वांत मोठ्याने हसतात.

ती एका प्रवासी कंपनीच्या काउंटरवर बसे. काचेमागे एक टेबल, गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या आणि टेबलावर एक पांढरं प्लास्टिकचं जहाज. त्याचं धुराडं कधीच तुटलं होतं, ते तिने चिकटपट्टीने बसवलं होतं. बाकीची मंडळी गिऱ्हाइकाला समुद्राचे फोटो दाखवत, ही विम्याच्या अटी वाचून दाखवी, तेही मोठ्याने. मालक कपाळाला हात लावत, "अहो, माणसं मजा करायला चाललीत, लढाईला नाही!" मग जगभर साथ आली, बोटी बंदरात अडकल्या, सहली जागच्या जागी मेल्या. बाकीच्यांची गिऱ्हाइकं डोकं धरून बसली होती तेव्हा हिची गिऱ्हाइकं फोन करून सांगत होती, "ताई, तुमच्या हट्टामुळे वाचलो." तेव्हापासून मालकांचा हात कपाळाकडे जायचा थांबला. घरच्यांचा काही थांबला नाही. पिकतं तिथे विकत नाही, हे शहाणपणालाही लागू आहे.

साथ ओसरत आली होती, पण नियम अजून उठले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट.

आईला एक धाकटी बहीण होती. ही मावशी लग्न होऊन दूरच्या एका बेटावर गेली ती तिथलीच झाली. मावशीचे गुडघे गेलेले, तिला प्रवास नको. आईची छाती नाजूक, घराबाहेर पडायचं तर चाकांची खुर्ची लागे, आणि तिने विमानात बसायचं नाही असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलेलं. धाकट्याच्या लग्नानंतर दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. रोज सकाळी फोन होई आणि रोज भांडण होई. विषय एकच, लहानपणी घरातला मोठा आरसा कोणी फोडला. "तूच फोडलास." "मी कशाला? तू फोडलास आणि माझ्या नावावर घातलास." साथीत मावशी हॉस्पिटलात पडली आणि फोन बंद झाला. आई रोज त्या वेळेला फोन मांडीवर घेऊन बसायची. शेवटी मावशी घरी आली, फोनही आला, पण आवाज पार खोल गेलेला होता आणि आरशाचा विषय तिने काढलाच नाही.

फोन ठेवून आई म्हणाली, "मला तिला एकदा बघायचंय गं. काहीही कर."

समजाताईने केलं. तिने एक सहकुटुंब सहलीची बोट शोधून काढली. ती चौथ्या दिवशी सकाळी त्या बेटाच्या बंदराला लागायची आणि संध्याकाळी सुटायची. प्रवाशांना गावात जायला बंदी होती, पण धक्क्यासमोरच्या बागेत, उघड्यावर, मास्क लावून नातेवाइकांना भेटायची सोय होती. एक दिवस, बस. तो हुकला तर पुन्हा यायचा नाही, हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळत होतं.

निघायची मंडळी म्हणजे आई, समजाताई, धाकटा, त्याची बायको आणि त्यांच्या दोन मुली. बोटीचा नियम सरळ होता. ज्याला आजार निघेल तो खोलीत बंद. त्याच्या खोलीत राहणारे, त्याच्या टेबलावर जेवणारे, त्याच्याजवळ मास्कशिवाय बसलेले, तेही बंद. समजाताईने हे वाचलं, आणि मग जी वाटणी केली तिने घरात रणकंदन माजलं.

"एका खोलीत आई आणि मी," ती म्हणाली. "दुसरीत वहिनी आणि मुली. तिसरीत तू एकटा. जेवायची टेबलंही तशीच."

"मी एकटा?" धाकटा उडालाच. "बायको-मुलींना घेऊन सहलीला जायचं आणि मी एकट्याने जेवायचं? मी काय गुन्हा केलाय?"

"तुझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. निघायच्या आदल्या दिवसापर्यंत तू लोकांच्या तोंडाला लावलेले फोन हाताळणार. समजा शेवटच्या दिवशी तुला लागण झाली, तर बोटीवर चढतानाच्या तपासणीत ती दिसणारही नाही."

"आणि समजा मी धडधाकट निघालो तर?"

"तर परतीच्या वाटेवर हवं त्याच्या ताटात जेव. मी काही म्हणणार नाही."

विम्यावरूनही तेच झालं. साध्या विम्यात आजारपण होतं, पण बोटीवर कोंडून राहावं लागलं तर त्याचा खर्च नव्हता. तो तिने वेगळा घालून घेतला. धाकटा म्हणाला, "हे म्हणजे पाण्यात बसून पाण्यात पैसे टाकणं." वर तिने वहिनीला आणखी एक सही करायला लावली. म्हाताऱ्या माणसाबरोबर कुणीतरी घरचं असल्याशिवाय बोट खाली उतरू देत नसे आणि त्या माणसाची नोंद आधीच करावी लागे. सोबतीला स्वतःचं नाव होतंच, त्याखाली समजाताईने वहिनीचंही घातलं.

"तुम्ही आहात ना ताई," वहिनी म्हणाली. तिचं आणि सासूचं फारसं जमत नसे, दोघींचं बोलणं मुलींमार्फत चाले. "तुम्ही आईंजवळ नाही, असं कधी झालंय का?"

"नाही झालं. पण समजा झालं."

सगळ्यांत जास्त दुखावली ती आई. बोटीवर पहिल्या रात्री जेवायला बसली तर लेक शेजारी, सून आणि नाती पलीकडच्या टेबलावर, आणि मुलगा पार कोपऱ्यात, खांबाआड. तो तिथून काट्याने टाटा करत होता. आईने ताट सरकवलं. "ह्या वयात माझ्या मुलाला माझ्यापासून तोडलंस. वाळीत टाकल्यासारखा बसलाय बिचारा." त्यानंतर तिने समजाताईशी अबोला धरला. एकाच खोलीत राहून ती दाराशी आलेल्या नातींना निरोप देई, "तुमच्या आत्याला म्हणावं, माझा चष्मा दे." समजाताई चष्मा देई, पांघरूण घाली, आणि गोल खिडकीतून समुद्र बघत बसे. तिलाही वाईट वाटत होतंच. समजा आपलं चुकलं असेल तर, हा प्रश्न तिला इतरांपेक्षा जास्त पडत असे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. आवाज कापत होता. "ताई, थंडी वाजतेय गं. आईला सांगू नकोस."

आईला वहिनीबरोबर जेवायला पाठवून ती गेली. तोंडाला मास्क बांधून, दारातून बघून डॉक्टरांना बोलवायचं, असं तिने ठरवलं होतं. पण दार उघडलं तर हा जमिनीवर, पलंगाला टेकून बसलेला, ओकारीने शर्ट भरलेला. लहानपणी ताप आला की असाच बसायचा. मग कसले नियम आणि कसलं काय! तिने त्याला पुसलं, उठवलं, शर्ट बदलला. मास्क भिजला तो काढून फेकला. त्याच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, आणि तो जरा शांत झाल्यावरच दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर आल्या तेव्हा ती नवा मास्क लावून दाराशी उभी होती.

तपासणी झाली. आजार निघाला.

"खोलीत कोणी आलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोणी नाही," धाकटा पटकन म्हणाला. "ताई आत्ताच आलीय, दारातच आहे." आणि त्याने बहिणीकडे असं बघितलं की तिला सगळं कळलं. सकाळी बंदर होतं. आईला बेटावर उतरवायचं होतं. कोणी पाहिलं नव्हतं, कोणी पुन्हा विचारणारही नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

बहिणी भेटतील त्या क्षणी आपण तिथे असावं, आईची खुर्ची आपण ढकलावी, हे समजाताईने किती दिवस मनाशी घोळवलं होतं! पण समजा... समजा आपण आज आईच्या शेजारी झोपलो. समजा उद्या मावशीने गळ्यात हात टाकले. नुकती हॉस्पिटलातून परत आलेली मावशी.

"मी होते," ती म्हणाली. "बराच वेळ ह्याच्या उशाशी बसले होते. मास्क नव्हता."

"ताई!" धाकट्याने तोंडावर उशी घेतली.

डॉक्टरांनी मान हलवली. "मग तुम्हालाही वेगळं राहावं लागेल. आईंच्या खोलीत परत गेला नाहीत ना? मग त्यांना अडचण नाही. पण त्यांच्याबरोबर उद्या उतरणार कोण?" त्यांनी हातातल्या टॅबवर बघितलं. "अच्छा, दुसरं नाव आहे तुमच्याकडे. ह्या बाई ह्यांच्या खोलीत नव्हत्या? टेबलावर?"

"नाही," समजाताई म्हणाली. "पहिल्या दिवसापासून नाही."

"असं फार कमी घरांत बघायला मिळतं. आता खर्चाचं सांगते. खोली, औषधं, सगळं प्रवाशाकडे असतं. विमा आहे?"

उशीखालून आवाज आला, "आहे. ताईने काढलाय. माझा विरोध होता."

समजाताईची रवानगी वरच्या मजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीत झाली. तिथून तिने वहिनीला फोन केला. वहिनी रडकुंडीला आली. "ताई, मला नाही जमणार. आई माझ्याशी धड बोलत नाहीत."

"नसू देत बोलत. तू फक्त खुर्ची सांभाळ. आणि ऐक, उतारावरून खुर्ची उलटी उतरवायची. तू मागे मागे चालायचं, आईचं तोंड बोटीकडे. सरळ नेलीस तर ती पुढे घसरेल."

"आणि समजा मी पडले तर?"

समजाताईला त्याही स्थितीत हसू आलं. "नाही पडणार."

सकाळी बोट धक्क्याला लागली. समजाताईची खिडकी नेमकी त्याच बाजूला होती, हे नशीब. नशिबाचा तिने हिशोब धरला नव्हता, म्हणून ते तिला भारीच गोड लागलं. खाली ऊन पडलं होतं. आईची सकाळची तपासणी साफ निघाली होती. उताराच्या तोंडाशी खुर्ची आली. वहिनीने ती उलटी फिरवली, दोन्ही मुलींनी एकेक बाजू धरली, आणि पाऊल-पाऊल करत, मागे वळून बघत, तिने सासूला खाली आणलं. खाली आल्यावर सासूने मागे हात नेऊन सुनेचा हात थोपटला. एवढ्या वरूनही ते दिसलं.

झाडाखाली मावशी बसली होती, पार चिमणी झालेली. दोन खुर्च्या समोरासमोर आल्या. समजाताईने काचेला कपाळ टेकलं. मग मावशीने आईचे दोन्ही हात धरले, आपल्या डोळ्यांना लावले, आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. समजाताई रडली, अगदी मनसोक्त रडली. आणि डोळे पुसून पुन्हा बघते तर खाली मावशीचं बोट ताठ उभं राहिलेलं, आईचंही बोट उभं, दोघी खुर्चीतून पुढे वाकलेल्या. वहिनी तोंडावर हात घेऊन हसत होती. आरसा! मावशी खरीच परत आली होती.

तिचा फोन वाजला. अबोला धरल्यानंतरचा आईचा पहिला शब्द होता, "कुठे आहेस गं?"

"वर आहे. तुम्हालाच बघतेय."

"अगं, पण एवढ्या खिडक्या! उतरताना सारखी शोधत होते. काहीतरी हलव."

"राहू दे आई. तू मावशीशी बोल, वेळ जातोय."

"तिच्याशी दिवसभर भांडायचंय मला. ही विचारतेय, तुला इथे कुणी आणलं, तर मी सांगितलं, ती वर बसलीय. ती दाखवायचीय हिला. समजा तू दिसलीच नाहीस, तर मी हिला दाखवू काय?"

समजाताईने पलंगावरची पांढरी चादर ओढली, खुर्चीवर चढली आणि काचेमागे दोन्ही हातांनी ती जोरजोरात हलवायला लागली. खाली दोन म्हाताऱ्यांचे हात एकदमच वर गेले.