आईनं कधी न चाखलेला रस्सा

धाराशिवच्या आमच्या फ्लॅटमध्ये मटण कुकरात शिजतं. रविवारी उशिरा उठणं, धुणं, सोमवारच्या ऑफिसची तयारी, यात आठ-दहा शिट्ट्यांपलीकडं वेळ कुठला. नवरा आवडीनं खातो. मला मात्र तो रस्सा पातळ लागतो. दिसायला दाट असला तरी पातळच.

माझं माहेर जळकोटजवळच्या एका खेड्यात. थोडी कोरडवाहू जमीन आणि पंधरा-वीस शेरडं. शेरडं आईची. ती मटण खात नव्हती. गळ्यात माळ होती असं नाही; पण लहानपणापासून करडं मांडीवर घेऊन वाढवलेली, तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही, एवढंच. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांना मटण लागायचं आणि तेही जून. मानेचं, नळीचं, नाहीतर पाय. रविवारी गोठ्यामागं तीन दगड मांडून ते स्वतः शिजवायचे. आई भाकरी करून द्यायची, कांदा-खोबरं भाजून द्यायची, पण त्या पातेल्याला हात लावायची नाही. यावरून त्यांच्यात कधी कुरकुर झाल्याचं मला आठवत नाही.

माझी बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात दादा कडब्याच्या गंजीवरून पडले. उजव्या पायाचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर घालून त्यांना घरी आणलं आणि अंगणात कडुलिंबाखाली बाज टाकून दिली. भेटायला येणारा जो तो सांगायचा, "पायाचा रस्सा पाजा, हाड लवकर धरतं." दादा "बघू" म्हणायचे आणि पाऊसपाण्याचं काढायचे. आईकडं ते बघतसुद्धा नव्हते.

असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी आई दूध काढून आली, हात धुतले आणि मला म्हणाली, "जळकोटला जा आन् पाय घिऊन ये. भाजून, खरडून दे म्हणावं."

"शिजवायचं कुणी? मी शिजवते."

"तुला अजून भात लावता यीना. जा तू."

मी पाय घेऊन आले तेव्हा तिनं सगळी शेरडं लांब बांधाकडच्या चिंचेखाली नेऊन बांधली होती. मी नुसतं तिकडं पाहिलं. "हिकडला वास तिकडं जात न्हाय," ती म्हणाली आणि पदर खोचून गोठ्यामागं गेली.

दादा गोळी घेऊन झोपले होते. विचारणार कुणाला? तिनं भाकरीसारखाच हिशोब धरला, भरपूर जाळ घातला. पाणी धडाधडा उकळत होतं. दोन तासांत तिनं काळं तिखट, दाटपणाला येसराचं पीठ घालून रस्सा उतरवला. दादा उठून जेवले. "चांगला झालाय," म्हणाले.

संध्याकाळी मी अंगण झाडत होते. बाजेखाली कुत्रं काहीतरी कडाकडा फोडत होतं. वाकून बघितलं तर पायाचे तुकडे, मांस तसंच चिकटलेलं. आई माझ्या मागंच उभी होती.

"शिजलं नव्हतं तर सांगायचं न्हाय व्हय?" ती दादांना म्हणाली.

दादा प्लास्टरवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तू पातेल्याला हात लावलास हेच लई झालं. वर तुला नावं ठिवू?"

"नावं ठिवू नका. पण कसं करायचं ते सांगा."

"म्या बाजेवर, चूल तिकडं. कसं सांगू?"

 दुसऱ्या दिवशी आईनं गोठ्यामागचे तिन्ही दगड उचलून बाजेपासून चार पावलांवर आणून मांडले.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला पातेलं चढलं. दादा कुशीवर वळून, उशीवर कोपर टेकवून सांगत होते. "उकळू द्यायचं न्हाय. कडंला बारीक बुडबुडं आलं की बास. ते लाकूड मागं वढ." तिनं ओढलं. पातेल्यावर ताट झाकून ताटात पाणी ठेवायचं, आटलं की तेच कोमट पाणी आत सोडायचं, गार पाणी कधीच घालायचं नाही. एवढं सांगून झालं आणि मग काही कामच उरलं नाही. आई दगडाशी बसून राहिली. कामाशिवाय इतका वेळ बसलेली मी तिला तोवर पाहिली नव्हती.

मी लिंबाच्या पलीकडं सावलीत पडून होते. आधी ते दोघं शेरडांबद्दल बोलले, मग माझ्या पुढच्या शिक्षणाबद्दल. मग दादा म्हणाले, "लग्नाच्या पयल्या वर्साला आपण अणदूरला खंडोबाला चालत गेलो हुतो, आठवतं का?"

"न आठवायला काय झालं? येताना माझी एक वहाण हरवली. तशीच अनवाणी आले घरापतूर."

"मला ठावं हुतं."

"तुमी पुढं चालत हुता. तुमाला कसं ठावं?"

"पाण्याला जातो म्हणून मागं गेलो न्हवतो का? वहाणच हुडकत हुतो. घावली न्हाय. मग काय बोलायचं म्हणून बोललो न्हाय."

 आईनं ताट बाजूला करून पळीनं थोडा रस्सा घेतला, त्यातला थेंब बोटावर घेऊन अंगठ्याशी चोळला. "चिकटतंय आता," म्हणाली. मीठ दादांनी चाखून सांगितलं. चारला पातेलं उतरलं. मांस हाडावरून आपोआप सुटत होतं आणि दादांनी दोन भाकरी कुस्करून खाल्ल्या.

प्लास्टर निघालं, हाड धरलं, पण पाय जरा आखूडच राहिला. उकिडवं बसणं त्यांना पुढं कधी जमलं नाही. मग दगड लिंबाखालीच राहिले. दर रविवारी शेरडं चिंचेखाली जायची, दादा बाजेवर बसायचे आणि आई पातेल्यापाशी. मी लग्न होऊन धाराशिवला आले त्यानंतरही हे कितीतरी वर्षं चाललं. तिनं तो रस्सा एकदाही जिभेला लावला नाही.

दादा गेल्याला आता चार वर्षं झाली. आई गावातच राहते, शेरडं तीनच उरलीत. मी गेले की ती विचारते, "पाय करू का तुला?" मी नको म्हणायचे. एकटीसाठी कुठं एवढा खटाटोप. मागच्या दिवाळीत मात्र हो म्हटलं. ती दहाला पातेलं चढवून बसली, मीही शेजारी बसले. चार वाजेपर्यंत आम्ही बोलत होतो. दादांबद्दल थोडंच, बाकी सगळं शेरडांबद्दल.