बब्रुवानचा दोष नव्हता

वाचायला बसलीस ना? मग जरा जवळ सरक, अशी परक्यासारखी लांबून वाचू नकोस. किती दिवसांत तुझा फोन नाही, निरोप नाही, आणि मी आपली तुलाच लिहीत बसलेय! असू दे. आज जे सांगतेय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. तुला तरी धड सांगता येतंय का — बघू.

त्या वर्षी दुष्काळ लई वाईट होता. नांदूरघाटात आमच्या गल्लीला टँकर आला तर आला. आमच्याकडं एक जुनी कार्बोरेटरची गाडी होती, पांढरी — म्हणजे एकेकाळी पांढरी. बायकांच्या दूध संस्थेची मी नुकतीच अध्यक्ष झाले होते. संस्थेच्या कामाला बीडला जायचं आणि येताना पालीला भावाच्या विहिरीवरून पाण्याचे कॅन भरून आणायचे, असा आमचा फेरा. गाडीत पाय ठेवायला कोरडी जागा नसायची. म्हणून माझी पिशवी मी समोरच्या एका खुंटीला अडकवायची. गाडीत खुंटी कशाला असेल, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. जरा बाहेर ओढली की पिशवी घसरत नाही, एवढं कळत होतं.

आणि मग ती पीयूसी! नाक्यावर पोलीस रोज अडवायचा. बीडला जाऊन गाडीच्या धुराच्या नळीत मशीनची नळी घालायची, आकडा बघायचा — नापास. पुन्हा बब्रुवानकडं. बब्रुवान म्हणजे गावातला मिस्त्री, ह्यांचा लहानपणापासूनचा जोडीदार. एका ताटात जेवलेले दोघं. त्यानं कार्बोरेटर खोलला, धुतला, जेट फुंकले, प्लग घासले. गॅरेजात गाडी एकदम शहाणी. आणि मशीनसमोर उभी केली की काळा धूर! परत आलो, परत खोलला, परत नापास. मशीनवाला ह्यांना म्हणाला, "दादा, गाडी हाय का चूल?" काय वैताग, काय वैताग! तापलेला पत्रा, रिकाम्या कॅनचा खडखडाट आणि रस्ताभर ह्यांची चिडचिड.

बब्रुवान बिचारा म्हणाला, "म्या येतो संगं, तिथंच बघतो."

"तू हितं नीट कर बे, हिंडायला कशाला येतूस?" — हे.

आला असता तर? जाऊ दे.

शेवटच्या खेपेला मशीनवाल्यानं गाडीचे कागद मागितले. ते माझ्या पिशवीत. मी पिशवी काढली आणि मोकळी खुंटी सहज अंगठ्यानं आत ढकलली. गाडी चालूच होती — आणि तिचा आवाजच बदलला. खोकणारं माणूस एकदम गप्प व्हावं तसा. धूर थांबला. मशीनवाला म्हणाला, "आता कसं! पास."

मला तेव्हाच कळलं. त्या खुंटीला चोक म्हणतात, थंड गाडीला जास्तीचं पेट्रोल पाजायला तो असतो, हे नंतर समजलं. पण इतक्या दिवसांचा धूर माझ्या पिशवीनं काढला, हे कळायला नाव कशाला लागतं? गॅरेजात पिशवी नसायची, बब्रुवान खुंटी आत ढकलूनच कामाला लागत असणार. तोंड उघडलं होतं मी, खरंच. मग वाटलं, गावभर होईल — बघा, बायकांच्या संस्थेची अध्यक्ष! आणि तोंड मिटलं. ही सबब नाही हं. एवढ्याशा हसण्याला मी भ्याले, इतकंच.

परतीच्या वाटेवर ह्यांनीच निकाल लावला — बब्रुवान मुद्दाम काहीतरी ढिलं ठेवत होता, पुन्हा पुन्हा काम मिळावं म्हणून. खड्ड्यांच्या दणक्यानं ते जागेवर बसलं. मला विचारलं, "काय गं, बराबर हाय का न्हाई?"

मी म्हणाले, "असंल."

असंल! तिथंच गाडी थांबवून सांगता आलं नसतं का?

गॅरेजात चार माणसांत हे त्याला नाही नाही ते बोलले. तो हातातलं फडकं पिळत एवढंच म्हणाला, "पोरपणापासनं वळखतूस मला." पुढं संस्थेच्या बैठकीत विषय निघाला, दुधाचा टेम्पो त्याच्याकडं दुरुस्तीला द्यायचा नाही. मी अध्यक्ष. सगळ्यांच्या आधी माझा हात वर. टेम्पोवरच त्याचं गॅरेज चालत होतं. शटर पडलं, तो पुण्याला दुसऱ्याच्या हाताखाली गेला. हे दोघं पुन्हा बोलले नाहीत.

थांब, अजून मुख्य सांगायचं राहिलंय.

हे गेले तेव्हा बब्रुवान आला. पिकलेला, वाकलेला. दाराशी बसला, रडला. जाताना चप्पल घालता घालता म्हणाला, "वहिनी, एक इचारू? त्या गाडीत शेवटी काय निघालं हो? लई डोकं लावलं म्या. माझा हात कुठं चुकला, आजपतूर उमगलं न्हाई. त्या पायी कार्बोरेटर खोलायचंच सोडलं म्या."

हसणारं आता कोण उरलं होतं? ज्यांची भीती होती ते फोटोत. आणि तरी मी म्हणाले — "मला बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं."

तो मान हलवून गेला. आपलाच हात चुकला असं समजून, मागच्या उन्हाळ्यात वारलाही.

हे असं आहे. हे वाचून माझ्याकडं यावं वाटलं तर ये, लवकर ये, चहा टाकते. नाही वाटलं, तरी मी काही म्हणणार नाही.