डब्यात आधी काय होतं?

धुळ्याकडच्या आमच्या गावातल्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर नाडी नंतर धरायचे, चौकशी आधी. "चूल घरात की ओट्यावर? कपाशीवर कोण फवारतं? औषधाचे रिकामे डबे कुठे जातात?" खोकला घेऊन गेलेला माणूस घराची झडती देऊनच परतायचा. "हाऊ डॉक्टर शे का फौजदार?" असं माझे चुलते, आबा, म्हणायचे.

त्याच आबांनी हिवाळ्यात मळ्यात भरिताचं जेवण ठेवलं आणि डॉक्टरांनाही बोलावलं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती. धुरावरचं डॉक्टरांचं भाषण त्या वासापुढे विरून गेलं. बिचारे डोळे पुसत आणखी जवळ सरकले. फोडणीसाठी आबांनी तेलाचा डबा उघडला.

"आबा, यात आधी काय होतं?"

"फवारानी दवाई. पन चांगला घासेल शे!"

डॉक्टरांनी डबा उचलला आणि सगळं तेल बांधावर ओतून दिलं. आबा भडकले. बिनतेलाचं भरीत कोणी खातं का? डॉक्टरांनी शांतपणे पुढचा प्रश्न विचारला, "असे अजून डबे आहेत घरात?"

 आबा चप्पल न घालताच घराकडे पळाले. नातवाचं दूध तसल्याच डब्यात यायचं.