जागेचा रकाना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. सांगण्यासारखं मोठं काही नाही, असं मीच मला समजावत आले – एका कुत्र्याची तर गोष्ट. पण नुसती कुत्र्याची असती, तर पाच वर्षं गिळून बसले असते का?

मी किनाऱ्यावरच्या एका गावात, नगरपंचायतीत क्लार्क आहे. माहेर आतल्या बाजूला, भातशेतीचं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि याचा मला गर्व आहे – तो मी लपवत नाही. वडील अजून वीजबिल आलं की माझ्या हातात देतात आणि मी वाचून होईपर्यंत उभे राहतात. कागदावर खोटं असू शकतं, हे त्यांच्या मनातच येत नाही.

नोकरीला लागले त्याच वर्षी मोकाट कुत्र्यांची मोहीम निघाली. बाहेरून गाडी आली. जाळीवाले कुत्री पकडणार, नसबंदी होणार, रेबीजची लस टोचणार, आणि झालेलं कुत्रं ओळखू यावं म्हणून डाव्या कानाचं टोक कापणार. मग जिथून उचललं तिथंच नेऊन सोडायचं, असा नियम. त्यासाठी एकानं गाडीबरोबर फिरून प्रत्येक कुत्र्याची जागा वहीत लिहायची. ते काम माझं होतं.

मी फिरले नाही.

ऊन होतं म्हणून? – नाही, ही थाप झाली. बी.कॉम. होऊन कुत्र्यांच्या गाडीमागून चालायचं आणि अख्ख्या कोळीवाड्यानं बघायचं, याची मला लाज वाटली. संध्याकाळी जाळीवाल्यांनी बारा कुत्र्यांच्या रंगाची, खुणांची चिठ्ठी दिली. ती मी पंख्याखाली बसून वहीत उतरवली आणि ‘जागा’ या रकान्यात एकाखाली एक, बारा वेळा लिहिलं – समुद्रकिनारा. अक्षर फार सुंदर आलं होतं.

पुढच्या आठवड्यात गाडीवाल्यानं विचारलं, किनारा म्हणजे कुठला? मला कुठं माहीत होतं? पण माहीत नाही म्हणायची सवय नव्हती. खाडीपलीकडचा मोठा बीच, मी म्हणाले – जसं काही दुसरा किनाराच नाही. बाराच्या बारा तिकडं उतरली.

दुसऱ्या दिवशी गुलाबमावशी आली. ती मासळीच्या धक्क्याजवळ राहते, बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकवते. तिचा खंड्या – तांबडा, शेपूट मधेच मोडलेली – दिवसभर त्या बोंबलांखाली बसून कावळे हाकलायचा. गळ्यात पट्टा नाही. धक्क्यावर कुठल्या कुत्र्याला असतो?

“बाय, तुमच्या गाडीनं माजा खंड्या न्हेला का गं? आठ दिस झालं, दिसत न्हाय. जरा वहीत बघ ना.”

मी वही उघडली. सातवा नंबर – तांबडा नर, शेपूट मोडकी. होडीनं दहा मिनिटांत पलीकडं जाता आलं असतं. चुकून तिकडं सोडला, एवढं म्हणायचं होतं. मी वही मिटली.

“धक्क्यावरनं एकही उचललेला नाही, मावशी. वहीत नाही. आणि पट्टा घालायचा ना कुत्र्याला.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. “वहीत न्हाय म्हंजे न्हायच आसंल,” म्हणाली आणि पदरानं तोंड पुसत गेली. माझे वडील असते, तर असेच गेले असते – हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी वही पुन्हा उघडली नाही.

मग गाडीनं नेला नाही, तर खंड्या गेला कुठं? मावशीच्या समोरच्या महादूनं कुत्री मासळी पळवतात म्हणून तक्रार दिली होती, ते सगळ्यांना ठाऊक. यानंच विष घातलं, असं मावशी भर धक्क्यावर बोलली. त्याच्या पोरीला हिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं, पण तिच्या हळदीला गेली नाही. महादूला लोक ‘इषवाला’ म्हणायला लागले. मी मासळी घ्यायला जायची, हे सगळं ऐकायची – आणि कोलंबीचा वाटा निवडत राहायची.

मागच्या महिन्यात नवी मोहीम आली. आता मी गाडीबरोबर फिरते. हे कुणाचं, कुठं झोपतं, कोण घालतं खायला, असं दारोदार विचारून लिहिते. पलीकडच्या बीचवर भजीच्या टपरीखाली एक तांबडा कुत्रा पसरला होता. चांगलाच सुटलेला. शेपूट मधेच मोडलेली, डाव्या कानाला टोक नाही.

“त्याला नका नेऊ, त्याचं झालंय,” टपरीवाली म्हणाली. “शेठ हाय आमचा. कांदाभजी टाकली तर वास घेऊन सोडतो. बटाट्याचीच लागतात.”

मी वाकून हळूच म्हटलं, खंड्या. त्यानं एक डोळा उघडला. शेपटी दोनदा वाळूवर आपटली.

किती बरं वाटलं, काय सांगू? आणि लगेच मनात आलं – मावशीला तो कान दिसला, की गाडीनंच नेला होता हे कळणार. महिनाभर मी त्या कानाचाच विचार केला. स्वतःचा. मग कधीतरी उशिरा डोक्यात आलं, की कुत्रा जिवंत आहे म्हणजे महादू सुटला. आणि हे सांगू शकेल असं माणूस गावात एकच आहे.

जुनी वही काढून सातव्या नंबरापुढं लाल शाईनं लिहिलंय – मासळीचा धक्का. पहिली नोंद मी न बघता केली होती. खाली माझी सही. सोमवारी ती साहेबांच्या टेबलावर जाईल.

उद्या रविवार. खंड्यानं कुठं राहायचं, ते टपरीवाली, मावशी आणि तो स्वतः बघून घेतील. मी आधी महादूच्या दारात जाणार आहे, कारण नाव त्याचं गेलं. मावशीचं दार अगदी समोर आहे. दोन्ही घरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगणार आहे – विष कुणी घातलं नव्हतं. खंड्याला आमच्या गाडीनं नेलं, आणि खोटं मी बोलले.